चाखणाऱ्याची थुंकदाणी

मी एक जुनी थुंकदाणी आहे. मित्रांनो, लगेच नाकं मुरडू नका. नाकं मुरडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांना नंतर माझ्यासमोर वाकावंच लागलं. मी काही जिन्याच्या कोपऱ्यातली, येणाऱ्या-जाणाऱ्याने तोंड मोकळं करावं अशी थुंकदाणी नव्हे. मी वाइन चाखणाऱ्या माणसाची थुंकदाणी. जगभरातल्या द्राक्षमळ्यांची वाइन माझ्या पोटात जाऊन आली आहे. एका चांगल्या माणसाचा जीवही थोडा माझ्यामुळे गेला आहे. तेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म तांबटाच्या दुकानात झाला. त्याने तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून माझं पोट गोल केलं, कंबर बारीक केली आणि वर नरसाळ्यासारखा रुंद गळा बसवला. वरून पडलेलं खाली जावं, पण उडून बाहेर येऊ नये, अशी ती युक्ती. आतून कल्हई केली, कारण वाइन आंबट, आणि आंबट तांब्याला लागलं की कळकतं. “ठोके खाल्ल्याशिवाय आकार येत नाही,” असं तो तांबट म्हणायचा. त्याचं काय जात होतं म्हणायला! ठोके खात होते मी.

तिथून मला वाइनच्या एका व्यापाऱ्याने नेलं. खाली गोदाम, त्यात पिंपं आणि बाटल्यांच्या उतरंडी. वर चाखण्याची खोली. तिला उत्तरेकडे एकच मोठी खिडकी, म्हणजे ऊन आत येऊन रंगाचा घोटाळा होत नसे. पांढरं मेणकापड घातलेलं टेबल, एक पाठीची खुर्ची, आणि खुर्चीच्या उजव्या बाजूला तिवईवर मी. त्या खुर्चीत बसणाऱ्याला गोदामातले हमाल समोर ‘साहेब’ म्हणत आणि पाठीमागे ‘नाकोबा’. नाक होतंही तसंच. माणूस दारातून आत यायच्या आधी नाक येई.

नाकोबा पेला उचलायचा, तो पांढऱ्या मेणकापडावर तिरका धरून रंग पाहायचा. मग नाक आत घालून डोळे मिटायचा. मग एक घोट. तो तोंडात खेळवायचा, ओठांच्या फटीतून वारा आत ओढायचा, गाल हलवायचा, आणि हातभर लांबून बारीक धारेने थेट माझ्या गळ्यात थुंकायचा. मेणकापडावर थेंब उडायचा नाही. मालक पाहुण्यांना मुद्दाम वर आणून हे दाखवायचे आणि पाहुणे वाहवा करायचे. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, त्या वाहवेतली निम्मी मला आहे असं समजून मी फुगून जायचे.

त्या धारेबरोबर सारं जग माझ्याकडे येई. जर्मनीतल्या मोझेलच्या उतारावरची पांढरी वाइन आली की तो वहीत लिहायचा, “ओली पाटी, हिरवं सफरचंद.” फ्रान्सच्या बोर्दोची तांबडी आली की तोंड कोरडं पडायचं आणि तो म्हणायचा, “पोरगी अजून लहान आहे, दहा वर्षं झोपू द्या तिला.” स्पेनची शेरी आली की “अक्रोड, आणि समुद्राचा वारा.” हंगेरीच्या तोकाईला तो मध म्हणायचा, पण लगेच पुढे लिहायचा, “मधाला धार आहे.” प्रत्येक मुलखाची माती, ऊन, पाऊस त्याला त्या एका घोटात सापडायचे. माझ्या पोटात मात्र सगळे मुलूख एकत्र येऊन त्यांचं गढूळ पाणी होई.

त्याची बायको गेली तेव्हा त्याची लेक, चांगली पंचविशीतली, त्याच्या हाताखाली कामाला आली. पेले धुणं, बाटल्या मांडणं, आणि संध्याकाळी निघताना मला रिकामी करून घासणं. तिच्या हाताला माझं वजन अचूक ठाऊक झालं. बापाने तिला विद्याही शिकवली. पहिल्या दिवशी तिने घोट गिळला तेव्हा तो केवढ्याने हसला!

“अगं, गिळलंस की तू गिऱ्हाईक. थुंकलंस तर चाखणारी.”

“पण बाबा, इतकी छान होती!”

“छान होती म्हणूनच थुंकायची. रोज चाळीस पेले समोर येतात, पोरी. सगळ्याच छान म्हणून गिळत बसलो तर दुपारी मला खुर्चीसकट खाली न्यावं लागेल.”

ते दिवस चांगले होते. माझी दर दोन महिन्यांनी कल्हई व्हायची. मग नाकोबाला ताप आला. साधा सर्दी-ताप, दहा दिवसांत उतरला. अकराव्या दिवशी तो खुर्चीत बसला, मोझेलच्या पेल्यात नाक घातलं, आणि ते बाहेर काढलंच नाही. एकदा, दोनदा, चारदा हुंगलं. मग मान खाली घालून त्याने जुनी वही उघडली आणि गेल्या वर्षीचं पान बघून लिहिलं, “ओली पाटी, हिरवं सफरचंद.”

त्याला वास येत नव्हता. ना फळाचा, ना बुरशीचा, ना जेवणाचा. मला हे कळलं, कारण खोलीत एकटा असताना तो पेल्याशी बोलायचा. “ये ना गं,” म्हणायचा. “एवढा कसला राग?” ऐकवत नसे.

आता त्याने जी चूक केली ती चाखणाराच करू जाणे. दुसरा कुणी वैद्याकडे गेला असता. याच्या डोक्यात एक पक्कं बसलं होतं की घोट गिळला की त्याचा वास घशातून मागच्या वाटेने नाकात चढतो. पुढचं दार बंद असेल तर मागच्या दाराने येईल, असा त्याचा हिशेब. म्हणून त्याने एक घोट गिळला. काही आलं नाही. दुसरा गिळला. “आलं बहुतेक,” असं स्वतःशी म्हणाला. आलेलं काही नव्हतं, पण डोकं हलकं झालं होतं आणि भीती कमी झाली होती. त्या आठवड्यात माझ्याकडे निम्मंच आलं. महिन्याभरात मी जवळजवळ कोरडी.

लेकीने एका संध्याकाळी मला उचललं आणि दचकली. वजनच नव्हतं.

“बाबा, ही कोरडी कशी?”

“आज कमी चाखल्या.”

“चाळीस बाटल्या मी माझ्या हाताने उघडल्या.”

तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. तिथूनच म्हणाला, “पोरी, माझं नाक गेलं गं. मालकांना कळलं तर ही खुर्ची जाईल. या खुर्चीतून उठलो तर मी कुठला कोण? नाक कापलेला नाकोबा!” आणि तो रडला. मी त्याला रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

तेवढ्यात जिन्यात मालकांची पावलं वाजली. लेकीने काय करावं? पेल्यांत उरलेली वाइन पटापट माझ्यात ओतली. मालक आले, त्यांनी मला काठोकाठ भरलेली पाहिलं, “आज दमलात वाटतं साहेब,” म्हणाले आणि गेले. बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं आणि सुटकेचा श्वास सोडला. झाकली मूठ सव्वा लाखाची! मित्रांनो, ती म्हण ज्याने केली तो मला भेटला असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

त्या दिवसापासून तोच रिवाज झाला. सकाळी बाप यायच्या आधी लेक स्वतः सगळ्या बाटल्या चाखायची, स्वतः माझ्यात थुंकायची, आणि बिघडलेल्या वाइनचा पेला टेबलाच्या डाव्या टोकाला ठेवायची. बाप येऊन सगळे पेले घशाखाली घालायचा आणि डावीकडच्याला नापास करायचा. मग बाटल्यांत उरलेली वाइन ओतून लेक मला भरायची. दोन वर्षं एकही बुरसटलेलं पिंप गोदामाबाहेर गेलं नाही. मालक म्हणायचे, “साहेब, वय वाढतंय तसं नाक तल्लख होतंय तुमचं!” नाकोबा हसायचा. लेक पेले पुसत राहायची.

पण दोन वर्षांत त्याचं काय झालं ते मी जवळून पाहत होते. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट झाला. सकाळी हात इतका थरथरायचा की पेला दातांवर वाजायचा, तिसऱ्या पेल्यानंतर कुठे हात स्थिर व्हायचा. सुट्टीच्या दिवशीही तो “वही राहिली” म्हणून यायचा. लेक एकदा म्हणाली, “बाबा, आता पुरे. मी मालकांना सांगते.” त्याने हात जोडले तिच्यापुढे. तिने ते हात धरून खाली केले आणि पुन्हा पेले मांडायला घेतले.

आणि एका सकाळी तो खुर्चीतून उठताना पडला. मांडीचं हाड मोडलं. मालक धावत वर आले, डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी पाय बांधला, डोळ्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या, कपाळाला आठी घातली आणि विचारलं, “हे रोज पितात का?”

मालक त्या गडबडीतही हसले. “अहो, आयुष्य गेलं यांचं या खोलीत, पण थेंब पोटात गेला नाही!”

डॉक्टरांनी लेकीकडे पाहिलं. “तुम्ही सांगा. रुग्णालयात न्यायचं आहे, मला खरं कळलं पाहिजे.”

बाप जमिनीवरून तिच्याकडे बघत होता. पायाच्या कळांपेक्षा मोठी भीती होती त्याच्या डोळ्यांत. लेकीचे ओठ हलले. मला वाटलं, सुटलो एकदाचे. पण तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि डॉक्टरांपुढे धरलं.

“हे बघा ना,” ती म्हणाली, “सगळं इथे थुंकतात.”

मी भरलेली होते. तिनेच मला नुकतं भरलं होतं. डॉक्टरांनी वाकून पाहिलं, मान हलवली आणि कागदावर ‘नाही’ असं लिहिलं.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. सहाव्या दिवशी लेक मालकांबरोबर त्या खोलीत आली. पायात चपला होत्या, पण दोन वेगवेगळ्या. ती खुर्चीत बसली नाही, जमिनीवर बसली आणि सांगू लागली. दोन दिवस बाबा बरे होते. तिसऱ्या दिवशी अंग थडथडू लागलं. चादरीवरून मुंग्या झटकत होते, मुंगी एक नव्हती. तिला ओळखेनात. आईला हाका मारत होते. अंगात आग, झटके. तेव्हा तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर धावले, पण उशीर झाला होता. पाचव्या दिवशी पहाटे गेले.

“डॉक्टर म्हणाले, रोजची सवय एकदम तुटली की असं होतं. म्हणाले, पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर औषध होतं आमच्याकडे. पायाने नसते हो गेले बाबा. मी मारलं त्यांना. त्यांची अब्रू राखली आणि त्यांना मारलं.”

मालक तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

“तू एकटीने नाही,” ते म्हणाले. “त्यांचं नाक गेलं हे मला वर्षापूर्वीच कळलं होतं. वहीत शब्दाला शब्द जुनाच उतरलेला होता. म्हटलं, या वयात माणसाचा मान कशाला काढायचा? चालू द्यावं. आणि त्या दिवशी डॉक्टरांपुढे ती फुशारकी मीच मारली.”

तिघांनाही ठाऊक होतं, मित्रांनो, आणि तिघंही लपवत होते, बापलेक मालकांपासून आणि मालक त्या दोघांपासून. तेही मायेपोटी.

आता मी गोदामातल्या फळीवर असते. कल्हई उडाली आहे, आत हिरवं चढलं आहे. लेक आता त्या खुर्चीत बसते आणि काचेच्या भांड्यात थुंकते. आतलं सगळ्यांना दिसावं म्हणून तिने ते मुद्दाम काचेचं आणलं. कधी फळीशी येते, माझ्यावर हात ठेवते, पण मला खाली काढत नाही. तिचा राग मी समजू शकते.

माझी कल्हई करा म्हणून मी तुमच्याकडे पदर पसरत नाही. माझं आयुष्य झालं. मागणं एवढंच की तुमच्या घरात कुणी असं आतून बुडत असेल आणि तुम्हाला ते दिसत असेल, तर त्याचं भांडं भरून ठेवू नका. विचारा. तो चिडेल, हात जोडेल, तुमच्याशी बोलणं टाकेल. टाकू दे. जिवंत माणसाचा अबोला पुढेमागे सुटतो. त्या सकाळी डॉक्टर माझ्यात वाकून पाहत होते तेव्हा मी गळा ताणून ओरडत होते, ही वाइन त्याने थुंकलेली नाही हो! पण मी पडले भांडं, माझं कोण ऐकणार? तुम्ही माणसं आहात. तुम्ही बोला.