दयाराम थांबला

येसाजीने बैलगाडीवर चढून भोंग्याच्या दोऱ्या सोडल्या आणि भोंगा असा खाली ढकलला, की झेलणाऱ्याच्या पायावर पडता पडता राहिला. पंचायत समितीची निवडणूक तोंडावर आलेली, प्रचार ऐन रंगात आलेला, आणि तो असा गुंडाळावा लागत होता. कारण एकच. दयाराम थांबला होता.

दयाराम म्हणजे त्याचा चुलतभाऊ, आणि त्याच जागेसाठी उभा राहिलेला दुसरा उमेदवार. दोघांची घरं एकाच परसाच्या दोन बाजूंना. लहानपणी येसाजी पोहायला शिकला, तेव्हा गावात बोलणं चाललं होतं ते दयाराम खाडी पार करून आला त्याचं. येसाजीने घरावर कौलं चढवली, त्याच उन्हाळ्यात दयारामच्या विहिरीला गोडं पाणी लागलं आणि कौलं कुणी वर मान करून पाहिलीसुद्धा नाहीत. आता हे नवीन. काल आपल्याच सभेत दयाराम उठून म्हणाला होता, "रुपया पडला, तांदूळ दिसंना झाला, रेशनावर तांबडी मिलो ज्वारी खातोय आपण. असल्या दिवसांत मी कुनाच्या दारात मत मागायला येणार न्हाय. द्यायचं त्याने द्यावं." टाळ्या येसाजीला घरात बसून ऐकू आल्या. मग त्यालाही थांबावंच लागलं. न थांबता लोकांना तोंड कसं दाखवणार!

"तू पन थांबलास, बरं केलंस," भोंगा ठेवायला जागा करून देत रेशन दुकानदार नुरुद्दीन म्हणाला. "दयारामचं बघून का होईना."

ते 'बघून का होईना' येसाजीला झोंबलं.

"प्रचार थांबवून तांदूळ येतो काय, नुरुद्दीनभाई? उलट अशा वक्ताला लोकांनी उमेदवाराला धरून इचारलं पायजे, तू काय करणार म्हणून. गप बसला त्याला काय इचारायचं?"

"बात तुझी खरी हाय," नुरुद्दीन म्हणाला. "पन तू दारात आलास की घरवालीला चहा टाकावा लागतो. साखर कुठनं आणायची तिने? दयाराम येत न्हाय, तर बायका त्याला दुवा देतात."

म्हणजे न बोलता दुवा, आणि येसाजीने घसा बसेस्तोवर बोलून काय मिळवलं, तर चहा. तो दुकानातून निघाला तो तडक दयारामच्या अंगणात.

दयाराम पडवीत सुंभ वळत बसला होता.

"दया, हे सोंग कशापायी?"

"कसलं सोंग, दादा?"

"गप बसून मतं मागायचं. मला कळत न्हाय व्हय?"

दयारामने सुंभाला आणखी एक पीळ दिला. "तू निघ की प्रचाराला. मी कुठं अडवलंय? फकस्त माणसं जेवायला घरी आनू नको."

"माझ्या घरी कोण जेवतो, त्याच्याशी तुला काय करायचंय?"

दाराआड त्याची बायको रंगू उभी होती. थोरल्या दिरासमोर तिने आजवर तोंड उघडलं नव्हतं. काही सांगायचं असलं तर ते नवऱ्याला सांगायचं, दिराच्या कानी पडेल एवढ्या आवाजात. तिने पदर पुढे ओढला आणि खांबाकडे बघत म्हणाली,

"त्यांना सांगा, हितनं कालवणाचा वाडगा गेला की केसरवैनी त्यात मूठभर तांदूळ घालून परत धाडतात. रिकामं भांडं धाडू न्हाय म्हणून. मी लगीन होऊन आले तवापासनं बघते. परवा वाडग्यात रातांबे आले."

"रंगू, गप."

"परसात कोकमाखाली पडलेले रातांबे! मूठभर तांदूळ सुटंना त्या घरातनं, आनि रोज दुपारी प्रचाराची पंगत बसते. सगळ्यांच्या मागनं कोण जेवतं, ते बघितलंय का म्हणावं."

खोटं बोलते, असंच येसाजीला आधी वाटलं. मग पंगतीतला स्वतःचाच आवाज त्याला आठवला, 'वाढ गं, हात आखडू नको,' आणि चुलीपाशी पाठमोरी बसलेली बायको, केसर. तिचं पान त्याने कधी पाहिलं होतं? पाहिलंच नव्हतं.

"मी थांबलो की तू थांबशील, हे मला ठावं होतं," दयाराम मान वर न करता म्हणाला. "बारीक होतो तवापासनं तसंच हाय, दादा. तू थांबलास की पंगत थांबणार."

येसाजी परसातून घराकडे वळला. त्याला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण थोडीच. बाकी सगळा हेवा होता. टाळ्या न्याव्यात, दुवा न्यावी, जागासुद्धा न्यावी एक वेळ. पण आपल्या बायकोच्या पोटातली भूक परसापलीकडच्या माणसाला आधी कळावी, हे त्याला अजिबात सोसवत नव्हतं.

घरी आज पंगत नव्हती. केसरने त्याच्या पानात भात वाढला, वर डाळीचं पाणी ओतलं आणि मडक्यावर झाकण ठेवलं. येसाजीने हात लांबवून झाकण उचललं. तळाशी काही नव्हतं.

"तू जेवलीस?"

केसरच्या हातातला डाव तसाच राहिला. लग्न होऊन ती या घरात आली त्याला जमाना झाला, पण हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"हे इचारायला तुमाला कुनी सांगितलं?"

येसाजीने भात कालवला. खरं सांगायला एक नाव पुरलं असतं.

"कुनी न्हाय," तो म्हणाला. "माझं मलाच कळलं."

केसरने पदर तोंडाला लावला, पण हसू डोळ्यांत आलंच. त्याने पान मधे सरकवलं, तशी ती त्याच्यासमोर बसली आणि त्याच पानात जेवू लागली.