मडिवाळप्पांच्या खिशातला मी

मी एक पासपोर्ट बोलतोय. निळं कव्हर, छत्तीस पानं आणि आत एक फोटो. फोटोतल्या माणसाच्या कपाळावर भस्माचे पट्टे आहेत आणि चेहरा असा, की कुणीतरी 'हलू नका' म्हणून दटावलंय. हे माझे मालक मडिवाळप्पा. लातूरच्या एका डाळमिलमध्ये त्यांनी अडतीस वर्षं मशीन चालवली.

माझा जन्म सहज झाला नाही. पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात बोटांचे ठसे घ्यायचे होते, आणि काचेवर काही उमटेना. तिथली पोरगी म्हणाली, "काका, जोरात दाबा." मडिवाळप्पा म्हणाले, "दाबूनच राहिलो की बाई. तुरीच्या सालपटांनी रेषाच खाल्ल्यात." चौथ्या खेपेला कुठे ठसे उमटले. मग पोलीस घरी चौकशी करून गेला, आणि महिन्याभरात मी टपालानं घरी पोचलो. माझ्यासोबत आणखी एक पासपोर्ट आला होता, त्यांच्या बायकोचा, उमाबाईंचा.

हा सगळा हट्ट सोमेशचा. एकुलता एक मुलगा, जर्मनीत नोकरीला निघाला होता. "अप्पा, अव्वा, पासपोर्ट काढून ठेवा. वर्षभरात तुम्हाला बोलावतो," म्हणाला आणि गेला. वर्षं गेली. बोलावणं दर दिवाळीला यायचं, आणि मडिवाळप्पा दर दिवाळीला म्हणायचे, "पुढच्या साली बघू." मी आणि उमाबाईंचा पासपोर्ट कपाटात खणांच्या घडीखाली पडून राहिलो. डांबरगोळ्यांच्या वासात परदेशाची स्वप्नं फार दिवस टिकत नाहीत.

बाहेर काय चाललंय ते दाराच्या फटीतून ऐकू यायचं. एका वर्षी उमाबाईंच्या जिभेला फोड आला. बरा होईना. तपासल्यावर कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये अर्धी जीभ काढावी लागली.

उमाबाई माहेरच्या निलंग्याकडच्या. कानडी आणि मराठी एकाच वाक्यात बोलायची त्यांना सवय. आता ते बोलणं नुसतं घरघरल्यासारखं येऊ लागलं. शेजारच्या सरजाबाई दोन वेळा "काय म्हणलात?" विचारायच्या आणि तिसऱ्यांदा नुसतीच मान हलवायच्या. फोनवर सोमेश विचारायचा, "अप्पा, अव्वा काय म्हणली?" त्यानं ऑपरेशननंतरचं बोलणं कधी समोर बसून ऐकलंच नव्हतं. मडिवाळप्पांना मात्र सगळं कळायचं. मशीनच्या आवाजावरून कुठला पट्टा सैल झालाय ते ओळखणारा माणूस तो. बायकोचा आवाजही त्यानं तसाच कान देऊन शिकून घेतला.

दोन वर्षांनी गाठ परत आली. इथले उपाय संपत आले होते. सोमेशच्या गावातल्या एका रुग्णालयात नव्या औषधाची चाचणी चालू होती. त्यानं कागद पाठवले, आणि उमाबाईंची निवड झाली. पहिल्या डोसची तारीखही ठरली. त्यांना उपचारासाठीचा व्हिसा मिळाला. सोबत जायला मडिवाळप्पांना पाहुणा म्हणून व्हिसा हवा होता, आणि त्यासाठी मी हवा होतो.

पुण्याच्या व्हिसा केंद्रात खिडकीमागच्या तरुणानं माझी पानं चाळली. "लग्नाचा दाखला?"

"दाखला न्हाई. लग्न हाय."

"काका, नवरा-बायको आहात याचा पुरावा लागतो."

मडिवाळप्पांनी माझं शेवटचं पान उघडून दाखवलं. तिथं बायकोचं नाव छापलंय. माझी छाती जरा फुगली होती. तरुण नरमाईनं म्हणाला, "हे तुम्ही सांगितलेलं नाव आहे. सरकारी नोंद आणा." इतका अपमान मला कपाटातही वाटला नव्हता.

उमाबाईंच्या डोसला पाच आठवडे उरले होते.

लातूरला येऊन विवाह नोंदणीची धावपळ सुरू झाली. लग्न लावणारे स्वामी कधीच लिंगैक्य झाले होते, म्हणजे वारले होते. पत्रिका सापडली नाही. फोटो सापडला, पण त्यात मुंडावळ्यांमागे नवरा कोण ते ओळखू येईना. प्रतिज्ञापत्र झालं. साक्षीला सरजाबाई आल्या, त्या उमाबाईंच्या माहेरच्याच गावच्या. आणखी दोन पाहुणे आले. मी मडिवाळप्पांच्या शर्टाच्या आतल्या खिशात होतो. त्यांनी तो खिसा माझ्यासाठी शिवून घेतला होता.

कारकुनानं विचारलं, "लग्नाची तारीख?"

मडिवाळप्पा म्हणाले, "सन पंच्याऐंशी. मे म्हयना. बारा का तेरा..."

सरजाबाई म्हणाल्या, "तेराच असंल."

उमाबाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्या काहीतरी बोलल्या. कारकुनानं सगळ्यांकडं पाहिलं.

"ती म्हणती, सोळा," मडिवाळप्पा म्हणाले. "तेराला हळद-कुंकू आणायला गेलते म्हणं. माझ्या ध्यानात न्हाई, तिच्या हाय."

कारकुनानं सोळा लिहिलं. चार दिवसांनी दाखला हातात आला. त्या दिवशी सरजाबाईंनी दोघांना पेढे दिले आणि वर म्हणाल्या, "आता पक्कं झालं गं बाई तुझं लग्न." उमाबाईंना पेढा गिळता येत नव्हता. त्यांनी तो दुधात कुस्करून खाल्ला.

दाखला जोडून अर्ज पुन्हा गेला. मग मुंबईच्या जर्मन वकिलातीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. दोघांनीही यावं असं लिहिलं होतं.

काचेपलीकडं एक गोऱ्या बाई बसल्या होत्या, शेजारी मराठी बोलणारे एक गृहस्थ. त्यांनी बाईंचा प्रश्न सांगितला, "मुलगा तिथं आहे. तो आईची काळजी घेईल. तुमची गरज काय?"

मडिवाळप्पांनी रात्रभर उत्तरं पाठ केली होती. एकही आठवलं नाही. ते म्हणाले, "त्या दवाखान्यात रोज इचारणार, औषधानं काय होतंय. ही सांगंल. पण हिचं बोलणं मला सोडून कुणाला कळत न्हाई बघा. पोराला बी न्हाई."

बाईंनी त्याचं भाषांतर ऐकलं. मग त्यांनी उमाबाईंना माइकजवळ यायला खुणावलं. उमाबाई पुढं वाकल्या आणि चांगलं लांबलचक बोलल्या. मराठी गृहस्थांनी कान पुढं केला. पुन्हा बोलायला सांगितलं. मग हात टेकले.

"काय म्हणाल्या?" त्यांनी मडिवाळप्पांना विचारलं.

मडिवाळप्पांनी मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"सांगा ना."

"ती म्हणून राहिली... ह्यांना शुगर हाय. सकाळपासून ऊटा केला न्हाई. ऊटा म्हंजे जेवण. काय इचारायचं ते लवकर इचारा आणि सोडा त्यांना, म्हणती."

गृहस्थांनी ते जर्मनमध्ये सांगितलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पुढचा एकच प्रश्न होता, "नव्वद दिवस झाले की परत याल?"

"येईन," मडिवाळप्पा म्हणाले. "शब्द दिला."

आठवड्यानं मी घरी परतलो तेव्हा माझ्या आठव्या पानावर व्हिसा चिकटवला होता. उमाबाईंनी त्याच्यावरून बोट फिरवलं, आणि मला देवापुढं नेऊन ठेवलं.

जर्मनीतले ते नव्वद दिवस मी खिशात काढले. रोज सकाळी नर्स यायची. उमाबाई बोलायच्या, मडिवाळप्पा ते सोमेशला सांगायचे, सोमेश जर्मनमध्ये नर्सला. दुखतंय कुठं, चव लागते का, घास उतरतो का, सगळं तीन तोंडांतून जायचं.

सत्तरेक दिवस झाले असतील. उमाबाई काहीतरी म्हणाल्या, आणि मडिवाळप्पांनी तोंड उघडायच्या आत सोमेशनं उत्तर दिलं, "अव्वा, खिडकी उघडली तर गार वारं येईल गं." सोमेश स्वतःच दचकला. मडिवाळप्पा उठून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ बाहेरच थांबले. त्यांचं काळीज माझ्या कव्हरला लागून होतं, म्हणून सांगतो, त्यात दुःख नव्हतं.

गाठ निम्म्यानं कमी झाली. डॉक्टरांनी उमाबाईंना आणखी दोन महिने थांबायला सांगितलं. मडिवाळप्पांचे दिवस मात्र भरले होते. सोमेश म्हणाला, "मुदत वाढवून मागू का?" ते म्हणाले, "शब्द दिलाय. आणि तुला आता कळतंय की."

विमानतळावर उमाबाईंनी त्यांचा सदरा नीट केला आणि काहीतरी बोलल्या. मला ते कळलं नाही. मडिवाळप्पांनी नुसती मान हलवली. सोमेश दुसरीकडं बघत उभा राहिला. त्याला कळलं होतं, पण त्यानं भाषांतर केलं नाही.

दोन महिन्यांनी उमाबाई लातूरला परत आल्या. गाठ अजून आहे, पण वाढत नाही. आता दर सहा महिन्यांनी तपासणीला जर्मनीला जायचं. उद्या आम्ही नव्या व्हिसासाठी पुन्हा पुण्याला निघणार आहोत. माझे कोपरे मऊ पडलेत, कव्हरवरची सोनेरी अक्षरं घामानं पुसट झालीत.

माझ्यासारखी पुस्तकं रोज कुणाकुणाच्या टेबलावर पडतात. त्यात जन्मतारीख असते, नाव असतं, गाव असतं. कोण कुणासाठी काय आहे, हे लिहायला आमच्यात रकाना नाही. तेवढं माणसाकडं बघूनच ओळखावं लागतं. ते ओळखा, एवढीच विनंती.

आत्ता आतून उमाबाईंची हाक आली. इतके दिवस त्या खिशात राहून मलाही थोडं कळायला लागलंय. म्हणाल्या, चहा गार होतोय. मडिवाळप्पा मला इथंच टेबलावर ठेवून आत गेलेत. जाऊ द्या. मला घाई नाही.