मागच्या खोलीपर्यंत

ड्रिल भिंतीत दोन बोटं शिरलं आणि कर्रकर्र करून अडलं. नेट बसवायला आलेल्या बाईनं ते बाहेर काढून टोक पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं आणि शेवटी शिडी धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे.

"काका, आत लोखंड आहे का हो?"

"जाळी आहे. गिलाव्याच्या आत, दोन्ही अंगांनी," गवंडीकाका म्हणाले. "चाळीस वर्षं झाली ताई, एक चीर दाखवा."

आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची घरं मालक सांगेल तशी बांधली होती. स्वतःचं बांधताना मात्र हात राखला नाही. भिंती दीड फुटाच्या, वर जाळी, वर गिलावा. घर बांधताय की तुरुंग, असं शेजारी विचारायचे आणि काका मिशीत हसायचे. आता तीच भिंत त्यांच्या मुळावर उठली होती.

"तरीच," बाई शिडीवरून उतरत म्हणाली. "या जाळीतून काही पलीकडे जात नाही. पुढच्या खोलीतलं नेट मागे पोचणार कुठून?"

"पण मी मागच्या महिन्यात तो डबा आणून लावलाय की. काकूच्या उशाशीच आहे. दिवासुद्धा लागतो त्याचा."

बाईनं आत डोकावून तो डबा पाहिला आणि ओठ मिटून हसू आवरलं. "काका, तो रिपीटर आहे. ऐकलेलं पुढे सांगणं एवढंच त्याचं काम. उशाशी त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाही, तर बिचारा सांगणार काय?"

काका ओशाळले. महिनाभर ते रोज सकाळी फडक्यानं त्या डब्यावरची धूळ पुसत होते.

बाईनं मग बेत सांगितला. डबे तीन लावायचे: पुढे एक, मधल्या बोळात एक, काकूंच्या खोलीत एक. त्यांना अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात. तिघांना वायरनंच जोडायचं, म्हणजे भिंतीची मिनतवारी करायला नको. फक्त वायर जायला भोक हवं.

"मग खिडकीच्या चौकटीलगत मारा," काका म्हणाले. "तिथं जाळी नाही. चार बोटं सोडून कापली होती मी."

ड्रिल सरळ पार गेलं. दीड फुटाच्या भिंतीतून उजेडाचा एक ठिपका मागच्या खोलीत पडला. स्वतःच्या भिंतीला भोक पाडणं जिवावर येईल, असं काकांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट, हे आधीच का केलं नाही, असंच वाटलं.

मुलगा जहाजावर इंजिनाच्या कामाला होता. जहाज बंदराला लागलं की त्याचा फोन यायचा, दीड-दोन महिन्यांतून एकदा. मागच्या तिन्ही वेळी एकच तऱ्हा झाली. काकू फोन हातात घ्यायची, हसायची, "कसा आहेस बाळा, जेवलास का," एवढं विचारायची आणि मग, "तुझा आवाज तुटतोय रे," म्हणून फोन काकांकडे द्यायची. कंबरेचं हाड मोडल्यापासून तिला मागच्या खोलीतून हलवता येत नव्हतं. तिसऱ्या वेळी मुलाचा आवाज भरून आला होता.

"बाबा, आईला माझ्याशी बोलायचंच नाही का? काही चुकलं का माझं?"

"अरे, भिंती रे, भिंती," काकांनी सांगितलं होतं. "पुढच्या खेपेला तासभर बोल तिच्याशी. शब्द माझा."

ती पुढची खेप म्हणजे आज, संध्याकाळी पाच वाजता.

साडेचारला बाईनं आपल्या फोनवर एक व्हिडिओ लावला आणि पुढच्या दारापासून काकूच्या पलंगापर्यंत चालत आली. चित्र कुठं अडलं नाही.

"बघा काकू, कसं लख्ख दिसतंय."

"गुणाची गं बाळा तू," काकू म्हणाली.

हल्ली ती सगळ्यांनाच बाळा म्हणायची. पेपरवाल्याला, डॉक्टरांना, एकदा तर चक्क काकांनाही. म्हातारपणी माणूस मायाळू होतं, असं म्हणून काकांनी ते गोडच मानून घेतलं होतं.

बाई सामान आवरून गेली. काकांनी काकूच्या पाठीशी दोन उशा लावल्या, विंचरून दिलं, फोन पेल्याला टेकवून ठेवला. लग्नघर असल्यासारखी त्यांची धांदल चालली होती.

"आता नाही हं तुटायचा आवाज," ते म्हणाले. "पोटभर बोल."

"अजिबात नाही तुटणार?"

"अजिबात नाही."

"मधेच बंद पडलं तर?"

"अगं, पडणारच नाही. तीन-तीन बसवलेत."

काकू पांघरुणाची कड बोटांत धरून चुरगळू लागली. तिनं दाराकडे पाहिलं, बाई गेल्याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

"अहो, मग मी त्याच्याशी काय बोलू?"

"काय म्हणजे? पोटचा पोर तो. काय वाटेल ते बोल."

"रागावू नका." तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "फोन येण्याआधी त्याचं नाव तेवढं मला सांगत जा."

काका पलंगाच्या कडेवर बसले. पेपरवाला, डॉक्टर, ते स्वतः, सगळी बाळं एकदम डोळ्यांसमोर आली. भिंत असती तर त्यांनी ती आपल्या हातांनी फोडली असती, घर कोसळलं असतं तरी. इथं कुठं घाव घालायचा, तेच त्यांना कळेना.

फोन वाजू लागला.

त्यांनी तिच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगितलं. तिनं ते दोनदा पुटपुटलं, धडा पाठ करणाऱ्या मुलीसारखं.

"बरोबर ना?"

"बरोबर."

"आणि असतो कुठं तो?"

"जहाजावर," काका म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

चेहरा इतका स्वच्छ आला, की कानाजवळचा तेलाचा डागसुद्धा दिसत होता. काकूनं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं, हसली आणि नावानं हाक मारली. मग विचारलं, "जहाजावर बरा आहेस ना?"

पलीकडे मुलगा बाहीनं डोळे पुसत खदखदून हसला.

"आई! किती महिन्यांनी नीट हाक मारलीस गं! बाबा, तुम्ही म्हणत होता तेच खरं. सगळा घोळ नेटचाच होता."

काकूचा हात काकांच्या हातात होता. तिची बोटं गार पडली होती.

"हो रे," काका म्हणाले. "नेटचाच होता."