सीट सोडून काय वाटंल ते कर

युवऱ्या, तू आधी नुसतं ऐक. मधी बोलू नको, चहा पी आणि ऐक, कारण ह्यात निम्मी चूक तुझी हाय. कसली ते पयलंच सांगितलं तर तू भांडत बसशील, म्हणून नुसतं ऐक.

आमची गाडी तुला म्हाईतच हाय. आप्पांची जुनी हंड्रेड सीसी, निळी टाकी, सीटवर चादरीचं कव्हर. आख्खी जोडभावी पेठ वळखती तिला. आप्पा मागं चादरींचा गठ्ठा बांधून फेरीला जातेत, अक्कलकोट, दुधनी, पार बॉर्डरवरची गावं, दारादारात थांबतेत, बायकांशी कन्नडमधी घासाघीस करतेत, गाडीवरनं उतरत बी न्हाईत. एक पाय भुईवर, एक फूटरेस्टवर, आणि हातात चादर उलगडलेली. आता मला चिंचोळीला कंपनीत काम लागलं तवापास्नं आठवडाभर गाडी माझ्याकडं, माझ्या सुट्टीला आप्पांच्याकडं. घरात एवढी एकच गाडी. आणि मी हा असा लाईटचा खांब. आप्पा माझ्या खांद्याला बी लागत न्हाईत.

मी बसलो की गुडघे हँडलला. वळवायला गेलो की हँडल मांडीत घुसायचं, म्हणून वळताना गुडघा भायेर काढायचा, लोकांना वाटायचं पडायलाय. बाळे गावाच्या पुढं हायवेला लागेस्तोवर मांड्या भरून यायच्या. कंपनीत उतरलो की नीट चालता यायचं न्हाय, आणि काम तर आख्खी शिफ्ट मशीनपुढं उभं राहायचं. आमचा सुपरवायझर उदयसिंह, त्यो एकदा म्हणला, "काय रे, गाडीवर बसून आलास का गाडी डोक्यावर घेऊन आलास?" समदे हसले. मला हसू येईना, कारण पर्मनंट कुणाला करायचं ते त्यो सांगणार वर. मशीनला टेकून उभा राहिलेला दोनदा बघितला त्यानं मला. तिसऱ्यांदा बघितला तर संपलं.

मग आप्पांना विचारलं, गाडी जरा माझ्या मापाची करून घेऊ का. आप्पा म्हणले, "कर की. तुझी बी हाय गाडी." परत आत गेले, परत भायेर आले, आणि म्हणले, "सीट सोडून काय वाटंल ते कर. सीट चांगली हाय."

मला वाटलं आमच्या आईच्या, अव्वाच्या कव्हरची काळजी असंल. अव्वा दर साली गड्ड्याच्या जत्रेआधी चादरीच्या तुकड्याचं नवं कव्हर शिवती आणि जुन्यावरच चढवती. त्यामुळं उघडी सीट मी जल्मात बघितली न्हवती. चादरवाल्याची गाडी, चादरीची सीट, फुकटची जाहिरात, असंच समदे समजायचे.

मग आलास तू. तुझ्या मोबाइलमधला त्यो व्हिडिओ घेऊन. म्हणलास, हँडल वर उचल, खाली ठोकळे टाक, लंब्या माणसाला तेवढंच लागतंय. टाकले की ठोकळे. हँडल आलं वर, आणि केबली पडल्या आखूड. सात रस्त्याच्या चौकात डावीकडं वळलो तर ॲक्सिलेटरची केबल ताणली, गाडी आपोआप बोंबलत पुढं. एका रिक्षाला जाऊन टेकलो. रिक्षावाला उतरला, मला खालनं वर बघत बघत मान दुखली त्याची, म्हणला, "कायकू रे, इत्ता बडा होके दिखता नै क्या?" मी काय सांगणार त्याला, केबल आखूड हाय म्हणून? ठोकळे काढले.

मग तू म्हणलास फूटरेस्ट खाली घे. कंपनीत वेल्डिंगवाल्या भिमाच्या पाया पडलो, त्यानं खाली पट्टी लावून फूटरेस्ट चार बोटं उतरवले. पाय जरा सुटले, खोटं कशाला बोलू. पण ब्रेक ऱ्हायला वर आणि पाय गेला खाली. ब्रेक मारायचा तर आधी पाय उचलायचा, मग मारायचा, तवर म्हैस पुढनं निघून जाती. आणि वळणावर फूटरेस्ट रस्त्याला घासून ठिणग्या. भिमा म्हणला, "शिवू, दिवाळीला येऊ दे गाडी, फटाके आणाय नकोत." ते बी काढलं. परत पैल्यासारखं. परत गुडघे हँडलला, परत उदयसिंह दारात उभा.

तवा तू काय म्हणलास आठवतंय का? म्हणलास, "सीट उचल की येड्या, आप्पांना काय कळतंय."

हां. तेच. म्हणून म्हणलं निम्मी चूक तुझी.

मी आप्पांना न सांगता गेलो विजापूर वेशीत, मुजीबभाईकडं, सीटा शिवतेत त्ये. सकाळी म्हणले दो घंटे में देता. दुपारी म्हणले फोम आणायला पोऱ्या गेलाय. चार वाजता म्हणले चाय पी. मी फुटपाथवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेलो, शिफ्टला रजा टाकलेली, डोकं फिरलेलं. शेवटी त्यांनी अव्वाची कव्हरं काढली, एकाखाली एक, एकाखाली एक, कांद्यासारखी, मग खालचं रेक्झिन काढलं, आणि एकदम म्हणले, "अरे शिवू, ये तो कटेली है रे."

बघितलं तर आतला फोम पार तासून टाकलेला. सरळ बी न्हाय. कुटं खोल, कुटं उथळ, विळ्यानं गवत कापावं तसा. मुजीबभाई म्हणले, "कंपनी का सीट इत्ता उंचा रैता. ये कोन तो बी आधा खा गया." म्हंजे बघ, जल्मभर मी गाडीला शिव्या घालायलतो आणि गाडी बिचारी बरोबर व्हती. मला असला राग आला. वाटलं, कुण्या भामट्या मेकॅनिकनं आप्पांना फसवलं, साध्या माणसाला कोण बी गंडवतंय. मुजीबभाईंनी नवा फोम घातला, कंपनीची व्हती त्याच्या बी वर दोन बोटं जास्त, आणि वर अव्वाचं कव्हर चढवलं.

युवऱ्या, त्या दिवशी घरी येताना मला पयल्यांदा माझे गुडघे हँडलच्या खाली दिसले. हँडल इकडं वळव, तिकडं वळव, काय लागतच न्हाय. पाठ सरळ. रस्त्यावरच्या गाड्यांच्या डोक्यावरनं बघायलतो मी.

घरी दुधनीचा मामा आलता. अव्वाचा भाऊ, माझ्यासारखाच उंच, अव्वाच्या माहेरचे समदे तसलेच. जेवायला बसलेलो. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, सीट उघडून बघितली, कुण्या तरी येड्यानं आतनं कापून ठेवलीती, अक्कल गहाण टाकून कापलीती, आता मी नीट करून आणली. मामा जेवता जेवता थांबला आणि मिशीत हसायला लागला. अव्वा मला म्हणली, "सुम्निरु." गप बस म्हणून. मी कशाला गप बसतोय. म्हणलं, त्यो मेकॅनिक घावला तर त्याला त्याच सीटवर बसवून पुण्यापतोर न्यायला पायजे. आप्पांनी कडक भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत चुरला, आणि म्हणले, "असंल कोण तरी."

पुढच्या सुट्टीला गाडी धुऊन दारात लावली. आप्पा गठ्ठा खांद्यावर टाकून चालत निघाले. म्हणलं, गाडी? म्हणले, "हाताला मुंग्या यायल्यात, एष्टीनं जातो." त्याच्या पुढच्या सुट्टीला बी तसंच. आता तू सांग, एष्टी दुधनीच्या स्टँडवर सोडती, आतल्या वस्त्यांवर कोण सोडणार? गठ्ठा जसा गेला तसाच माघारी यायचा. गाडी दारात उभी, आप्पा पायी, आणि विचारलं की "काय न्हाय." मी वैतागलो. एके दिवशी आवाज चढला माझा, म्हणलं, राग आलाय तर बोला की, सीट उचलली म्हणून राग हाय ना, एकदा तोंड उघडून शिव्या द्या. आप्पा म्हणले, "राग कशाचा? सीट चांगली झालीय." आणि आंघोळीला गेले.

अव्वानं मला आत वढला. चुलीजवळ बसवला आणि कन्नडमधी, हळू आवाजात, कारण बाथरूमला भिंत पातळ हाय, समदं सांगितलं.

ही गाडी लग्नात अव्वाच्या बापानं दिलेली. अज्जा असला सहा फुटाच्या वर. नवी कोरी गाडी मांडवापतोर सोता चालवत आणली, दोनी पाय भुईवर टेकवून थांबवली आणि जावयाच्या हातात किल्ली दिली. आख्खी दुधनी जमलेली. आप्पांनी नवऱ्या मुलीला मागं बसवलं, एक चक्कर मारून येतो म्हणले. देवळाच्या वळणावर म्हातारी आडवी आली, आप्पांनी गाडी थांबवली, पाय खाली सोडला, आणि खाली भुईच न्हाय. गाडी आडवी, आप्पा आडवे, अव्वा शालूसकट चिखलात. अज्जा मांडवातनं वरडला, "जावयाला पाट द्या रे कोण तरी." तिथनं पुढं कैक सालं, दुधनीत आप्पा गेले की बाया दारातनं पाट भायेर आणायच्या. चेष्टेत. पाट ठेवायच्या आणि हसायच्या.

लग्नानंतरच्या पयल्याच आठवड्यात आप्पांनी घरी सीट खोलली आणि अव्वाच्या विळ्यानं फोम तासला. रडत तासला म्हणली अव्वा. कुणाला दिसू नये म्हणून तिनं चादरीचं कव्हर शिवलं, आणि मग दर साली त्याच्यावर एक. सीट तासलीय हे भायेरच्यांत एकट्या मामाला ठावं. आणि मी त्याच्याच पुढं म्हणलो, अक्कल गहाण टाकून कापली.

नको बोलू. मला समजतंय तू काय म्हणणार. दोन सीटा कर म्हणणार ना? केल्या की. मला बी डोकं हाय. मुजीबभाईंकडं त्यो जुना तासलेला फोम कोपऱ्यात पडलेला, मांजर झोपायचं त्याच्यावर. भंगारातनं सीटखालचा दुसरा पत्रा काढला, त्याच्यावर त्योच फोम, तसाच वाकडातिकडा, नवा घ्यायचा न्हाय म्हणून सांगितलं. अव्वानं जुनं कव्हर चढवलं. दोन बोल्टचं काम. सहा दिवस माझी सीट, एक दिवस आप्पांची, कुणाला काय बोलायला नको.

आज माझी सुट्टी. सकाळी आप्पा पूजेला बसल्यावर मी जाऊन त्यांची सीट लावली. आप्पा भायेर आले, कपाळाला इभूत, खांद्यावर गठ्ठा एष्टीसाठी बांधलेला. म्हणलं, आज गाडी न्या. आप्पांनी गाडीकडं बघितलं. मग सीटवर हात ठेवून दाबली, मधोमध, तिथं त्यो खोल खड्डा हाय त्याच जागी. दाराकडं बघितलं. अव्वा उगंच रांगोळीचा डबा शोधायलती.

"कुणी सांगितलं?" म्हणले.

मी म्हणलं, "कुणी न्हाय. मलाच ती लई उंच वाटायलती."

सव्वासहा फूट माणूस, आणि सीट उंच वाटती म्हणतोय. ह्याच्यापरास येडं उत्तर आख्ख्या सोलापुरात कुणी दिलं नसंल.

आणि तेवढ्यात समोरचे बसप्पाकाका, तोंडात ब्रश, ओट्यावरनं म्हणतेत, "काय ईश्वरप्पा, सीट बदलली वाटतं? बारकी दिसायली."

आप्पांचा चेहरा तू बघायला पायजे व्हता. एकदम ताठ झाले. मोठ्यानं म्हणले, "पोरगं दुसऱ्याचीच सीट लावून बसलंय. काढ रे ती." मी हलंना, तर सोता पाना घेतला, दोनी बोल्ट काढले, ती सीट माझ्या हातात दिली आणि उंचवाली लावली. गठ्ठा मागं बांधला, पुरा गठ्ठा, एष्टीचा न्हाय, फेरीचा. गाडी वढत पायरीपाशी नेली, पायरीवर चढले, पायरीवरनं सीटवर बसले आणि निघाले. बसप्पाकाका ब्रश करत बघायलते.

गल्लीच्या तोंडाला रिक्षा आडवी आली. आप्पांनी ब्रेक मारला. मला हितनं दिसायलतं, डावा पाय खाली सुटला, बोटं भुई चाचपायलती, गठ्ठ्यानं गाडी कलायला लागली. आणि पाय नळाच्या कट्ट्याला लागला. तेवढा कट्टा व्हता म्हणून. आप्पा तसेच एका अंगानं उभे, मागं न बघता.

माझ्या हातात त्यांची सीट. पळत जाऊन हाक मारली असती, आप्पा थांबा, ही तुमची सीट घ्या, तर बसप्पाकाकाला कळलं असतं, आख्ख्या गल्लीला कळलं असतं, आणि संध्याकाळपतोर दुधनीला. न्हाय मारली तर पुढं दुधनीपतोर कट्टा कुटं कुटं हाय मला काय ठावं?

रिक्षा गेली. आप्पांनी कट्ट्याला पाय रेटून गाडी सरळ केली, आणि गेले बी. आता दिवे लागायची येळ झालीय, फोन उचलत न्हाईत, गाडीवर असले की कधीच उचलत न्हाईत. ही बघ सीट, अजून पिशवीत घेऊन फिरायलोय.

आता बोल. तितं उभा असतास, हातात ही सीट, समोर बसप्पाकाका, तर तू काय केलं असतंस?