ह्यांचा गृहपाठ

आमचे हे सेवा क्लबात जायला लागले तेव्हा मला वाटलं, चला, संध्याकाळी घरात तेवढीच शांतता. कसली शांतता आणि कसलं काय! क्लब दर महिन्याला एकेका संस्थेला भेट देतो, आणि तिथे शिकलेलं सगळं हे घरी येऊन माझ्यावर करून बघतात. अग्निशमन केंद्र बघून आले, तर स्वयंपाकघरात वाळूची बादली आली आणि मला हातातली भांडी टाकून जिन्यावरून पळवलं. रक्तपेढीनंतर फ्रिजवर घरातल्यांचे रक्तगट चिकटले. माझा चुकीचा. ह्यांचं रंगांचं दुकान आहे. पांढरा मागायला आलेलं गिऱ्हाईक पिवळा घेऊन जातं. अशा माणसाला कोण काय सांगणार?

या महिन्यात मात्र मला सांगायचंच होतं. माझ्या छातीत हाताला गाठ लागली होती. गुरुवारी तिचा तुकडा काढून तपासायचा होता, आणि येताना घरचं माणूस आणा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"अहो, मी डॉक्टरांकडे…" म्हटलं, तर म्हणाले, "तुला सांगतो, सकाळी गरम पाणी पीत जा."

"अहो, गुरुवारी…"

"गुरुवारी क्लबची मीटिंग आहे."

पालथ्या घड्यावर पाणी. शेजारीण आली असती, नाही असं नाही. पण खोटं कशाला बोलू, मला हेच हवे होते.

तेवढ्यात क्लब एका हेल्पलाइनच्या ऑफिसात जाऊन आला. एकटी पडलेली, घाबरलेली माणसं तिथे फोन करतात. घरी आल्या आल्या ह्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसले.

"तिथे मध्ये बोलायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. नुसतं 'हं' म्हणायचं. तू बोल, मला सराव करायचाय."

"कशावर बोलू?"

"हं."

अगं बाई! लग्न झाल्यापासून हा माणूस पहिल्यांदा गप्प बसला, तोही गृहपाठ म्हणून. अशी चिडले की एका दमात सगळं सांगून टाकलं. गाठ, तुकडा, गुरुवार.

"हं," हे म्हणाले. मग तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. गरम पाणी ओठांपर्यंत आलेलं मला दिसत होतं. ते त्यांनी गिळलं.

"मला भीती वाटतेय गं."

"हे चालतं का तुमच्या हेल्पलाइनला?"

"नाही चालत," म्हणाले आणि माझा हात धरून बसले. मला रडू आलं, रागही आला. इतके दिवस हे कुठे ठेवलं होतं मेल्याने? गॅसवर दूध उतू गेलं. दोघांपैकी कुणीही उठलं नाही.

गुरुवारी हॉस्पिटलच्या बाकावर हे माझ्या शेजारी होते. इस्त्रीचा शर्ट, चेहरा पांढराफटक. क्लबच्या अध्यक्षांचा फोन आला, तो बंद करून खिशात टाकला. नर्स बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"पेशंट कोण?"

मी तोंड उघडायच्या आत, नेहमीप्रमाणे, हेच बोलले.

"आम्ही."

मी काही दुरुस्ती केली नाही.