अर्धी मिशी आणि पाच बोटं

सलून नवरा चालवतो आणि मागच्या अंगणातला जनरेटर मी सांभाळते. माझा नियम एकच. मशीनला हात लावण्याआधी बॅटरीची वायर सोडवायची आणि चावी खिशात टाकायची. नवरा याला माझी नाटकं म्हणतो.

त्या दिवशी मी पंख्याचा पट्टा बदलत होते, हात कोपरापर्यंत आत होता, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. आत खुर्चीवर हेडमास्तर बसले होते. त्यांची डावी मिशी विजेच्या कटिंग मशीननं उतरवून झाली होती, उजवी ऐटीत शाबूत होती.

"अगं, लाव लवकर! सरांची शाळा भरायला दहाच मिनिटं आहेत!" नवरा आतून ओरडला.

"आधी पट्टा बसू दे!"

"तोवर मी एकाच मिशीनं शिकवू का?" हेडमास्तरांनी विचारलं, आणि सगळी गिऱ्हाईकं खिदळायला लागली.

नवऱ्यानं माझ्यापासून लपवून दुसरी चावी करून ठेवली होती. तो मशीनच्या पलीकडून आला, माझा हात आत आहे हे न बघता त्यानं ती लावली आणि फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा. मशीन ढिम्म.

"मेलं वाटतं तुझं मशीन!"

मी पट्ट्यामागून हात काढला आणि पाचही बोटं त्याच्या नाकासमोर धरली. "मोज."

त्यानं बॅटरीची सोडवलेली वायर पाहिली आणि चावीवरचा हात झटकन मागे घेतला.

"आणि माझ्या मिश्या कोण मोजणार?" दारातून हेडमास्तर गरजले. हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली.

नवरा मात्र अजून माझी बोटंच मोजत होता.