मौलानांचा होकार

गादीवाल्याच्या घरात दुपारी कापूस तरंगायचा. खाली दुकानात पुतण्या पिंजायला बसला की बारीक तंतू जिन्यावरून वर येत आणि पलंगावर पडलेल्या गादीवाल्याच्या पापण्यांवर बसत. तो ते झटकत नसे. अर्धवट झोपेत तो कुठल्या कुठे जाऊन यायचा, कधी मेलेल्या आईशी गप्पा मारायचा, कधी नुसता पोहत राहायचा. डायलिसिसचं मशीन दिवसाआड त्याला धुऊन पिळून घरी पाठवी. आज मात्र त्याने डोळे उघडले आणि शांतपणे म्हणाला, "आता पुरे. मशीन नको."

बायकोच्या पायाखालची जमीनच सरकली. पण ती हार मानणाऱ्यातली नव्हती.

"जाणूनबुजून मरण ओढवून घेणं हराम आहे," तिने ठणकावलं. "थांबा, मौलानांनाच विचारून येते."

मौलाना नाही म्हणणार आणि नवरा उद्या मुकाट्याने गाडीत बसणार, याची तिला खात्री होती.

मौलाना चष्मा पुसत बसले होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "डॉक्टरीणबाई काय म्हणतात?"

"हृदय थकलंय म्हणतात." पुढचं सांगणं तिच्या जिवावर आलं. "मशीनने गुण येणार नाही. थोडे दिवस लांबतील, तेही हाल सोसत."

"ते स्वतः भानावर आहेत?"

"माझ्या चुका काढण्याइतके आहेत."

मौलाना हसले. "मग ऐका. उपचार घेणं चांगलंच. पण ज्याने बरं वाटायचं नाही, नुसता त्रास वाढायचा, तो नाकारला तर गुन्हा होत नाही. आपल्या हाताने जीव देणं वेगळं, हे वेगळं. खाणंपिणं, दुखण्यावरचं औषध, सेवा, यात मात्र कसूर नको. बाकी निर्णय त्यांचा."

एवढी दाढी पिकवली आणि या माणसाला एक साधं नाही म्हणता आलं नाही, असं पुटपुटत ती निघाली. रस्त्यावरची माणसं बोलत होती, पण आवाज पाण्याखालून आल्यासारखे वाटत होते. स्वतःच्याच गल्लीवरून ती पुढे निघून गेली आणि परत फिरली.

तो जागा होता. "काय म्हणाले?"

"नाही म्हणाले," ती म्हणाली.

"बरं." त्याने वाद घातला नाही. सुयांनी गाठाळलेल्या हातावरची बाही तो हळूच वर सारू लागला. "मग उद्या जाऊ. सकाळी लवकर उठव."

ती जिंकली होती. पण त्या हाताकडे तिला बघवेना. ती पलंगाच्या कडेला टेकली.

"खोटं बोलले मी. ते हो म्हणाले."

त्याने बाही पुन्हा खाली ओढली. मग म्हणाला, "आणि मी समजत होतो, तुला माझ्या जन्नतची काळजी पडलीय."

"तुमची जन्नत अल्ला बघेल." तिला रडू आवरेना. "मला भीती वाटते. संध्याकाळी मी बोलू कोणाशी?"

गादीवाला भिंतीकडे सरकला आणि त्याने तिला जागा करून दिली.

"बोल," तो म्हणाला. "अजून संध्याकाळ व्हायची आहे."